गोंगाटाची शिस्त

२००७ साली 'द स्टूजेस' या अमेरिकी बँडचा 'द वीअर्डनेस' हा अल्बम आला. त्याआधीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम 'रॉ पॉवर' १९७३चा, म्हणजे मध्ये तब्बल ३४ वर्षं गेलेली. गायक इगी पॉप तोच, अ‍ॅशटन बंधू तेच. ध्वनिमुद्रणाला स्टूजेसना गुरुस्थानी मानणाऱ्या पिढीतला शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी. एवढं सगळं जुळून येऊनही समीक्षकांनी अल्बम झोडपून काढला. मैफलींमध्ये हीच मंडळी जुन्या गाण्यांवर मंच पेटवत होती. नवी गाणी मात्र कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी 'द जीझस लिझर्ड' या बँडचा 'रॅक' आला. यांचा आधीचा अल्बम १९९८चा, म्हणजे २६ वर्षांचा खंड. चौघेही वादक साठीच्या घरातले. त्यांचे गाजलेले चारही अल्बम अल्बिनीनं ध्वनिमुद्रित केलेले होते, पण 'रॅक'शी त्याचा संबंध नव्हता. अल्बम बाजारात येण्याच्या चार महिने आधी, ७ मे रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी हृदयविकारानं तो गेला. तरीही 'रॅक'चं जोरदार स्वागत झालं, आणि ते जुन्या माणसांना दाखवायच्या सौजन्यापोटी नव्हतं. एका बँडला अल्बिनी मिळूनही जे साधलं नाही, ते दुसऱ्याला त्याच्याशिवाय कसं साधलं, हे समजून घ्यायचं तर या बँडच्या घडणीकडे वळायला हवं.

ऑस्टिन ते शिकागो

जीझस लिझर्ड वाजवतो तो नॉइज रॉक म्हणजे कर्कशपणा हा दोष न मानता त्यालाच कच्चा माल मानणारं संगीत. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'नं १९६८मध्ये आलेलं 'सिस्टर रे' हे सतरा मिनिटांचं गाणं एका दमात वाजवलं, त्यात या प्रकाराची बीजं दिसतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या 'नो वेव्ह' मंडळींनी सूर-तालाचे उरलेसुरले संकेतही मोडले. ऐंशीच्या दशकात हे वारं टेक्सासमध्ये पोचलं. ऑस्टिन शहरात १९८२ साली 'स्क्रॅच अ‍ॅसिड' नावाचा बँड निघाला. त्यात डेव्हिड यौ आणि डेव्हिड विल्यम सिम्स होते. तो १९८७मध्ये मोडला. सिम्सनं काही काळ अल्बिनीबरोबर एका अल्पजीवी बँडमध्ये बास वाजवला. मग यौ गायक, सिम्स बासवर आणि ड्वेन डेनिसन गिटारवर अशी नवी जुळणी होऊन जीझस लिझर्ड उभा राहिला. पाण्यावरून धावणाऱ्या बॅसिलिस्क सरड्याचं हे इंग्रजीतलं लाडकं नाव.

१९८९मध्ये मंडळी शिकागोला आली. त्याच वर्षीच्या 'प्युअर' या छोटेखानी रेकॉर्डवर ड्रम वाजवायला माणूस नव्हता, यंत्र होतं. मॅक मॅकनीली आल्यावर चौकडी पुरी झाली. 'हेड' (१९९०), 'गोट' (१९९१), 'लायर' (१९९२) आणि 'डाउन' (१९९४) हे चार अल्बम 'टच अँड गो' या शिकागोतल्या कंपनीनं काढले. कंपनीचा मालक कोरी रस्क लेखी करारांच्या फंदात पडत नसे. खर्च वजा जाता उरेल तो नफा निम्मा-निम्मा, एवढंच ठरलेलं. अल्बिनीचाही असाच एक नेम होता. कामाची ठरलेली रक्कम घ्यायची, विक्रीवरची रॉयल्टी घ्यायची नाही. स्वतःला तो 'प्रोड्युसर' म्हणवून घेत नसे. बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवणं हेच आपलं काम, असं तो मानायचा.

चार माणसांची वाटणी

'गोट' एकदा नीट कान देऊन ऐकावा. पहिल्या ऐकण्यात यौचं किंचाळणं, गुरगुरणं, बरळणंच कानात शिरतं. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येतं, की त्याचा आवाज मुद्दाम मागे ठेवलाय. गाण्याचा भार सिम्सच्या बासवर आहे. एखादी चार-सहा सुरांची ओळ तो धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. मॅकनीली त्या ओळीला ड्रमनं असं खिळवून ठेवतो, की तसूभरही फट दिसू नये. डेनिसनची गिटार रॉकच्या मानानं बरीच स्वच्छ आहे. शास्त्रीय गिटारचं शिक्षण घेतलेला हा वादक. अ‍ॅल्युमिनियमची मान असलेल्या ट्रॅव्हिस बीन गिटारवर तो सूर धारदार, घंटेसारखे काढतो. आवाज फाटेल इतकं यंत्र पिळत नाही. त्यामुळे दोन सुरांमधली खुपणारी जवळीक लपत नाही, उलट उघडी पडते.

विलंबित ख्यालात तबलजीचा ठेका ढळत नाही, म्हणून गवयाला दूरवर भटकून समेवर परतता येतं. यौचं तसंच आहे. गाणं सुरू होताच तो प्रेक्षकांमध्ये उडी मारणार, लोकांच्या हातांवर तरंगत गाणार, माइकची वायर कोणाच्या तरी गळ्यात अडकणार. आणि मंचावरचे तिघे एक मात्रा इकडची तिकडे होऊ देणार नाहीत. नव्वदच्या दशकात या बँडच्या कार्यक्रमांची जी ख्याती झाली, ती यौच्या धिंगाण्यामुळे. तो धिंगाणा पेलणारी शिस्त मात्र मागच्या तिघांची होती.

मोठी कंपनी, मोठा खंड

फेब्रुवारी १९९३मध्ये 'निर्वाणा' आणि जीझस लिझर्ड यांची एक सामाईक सिंगल निघाली. एका बाजूला 'ओह द गिल्ट', दुसरीकडे 'पस'. निर्वाणा तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या बँडपैकी एक होता, त्यामुळे ही रेकॉर्ड ब्रिटनच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेली. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमच्या यशानंतर मोठ्या कंपन्या असे बँड शोधत हिंडतच होत्या. बीटल्सच्या रेकॉर्ड अमेरिकेत काढणाऱ्या कॅपिटॉलनं जीझस लिझर्डला करारबद्ध केलं. 'शॉट' (१९९६) आला, पण खप अपेक्षेइतका झाला नाही. सततच्या दौऱ्यांमुळे घरापासून तुटलेल्या मॅकनीलीनं १९९६च्या अखेरीस बँड सोडला. त्याच्या जागी जिम किम्बल आला. 'गँग ऑफ फोर' या बँडचा अँडी गिल निर्माता म्हणून आला, आणि 'ब्लू' (१९९८) हा थोडा सौम्य, थोडा प्रयोगशील अल्बम झाला. कंपनीनं हात काढून घेतला. १९९९मध्ये बँड बंद पडला.

पुढची वर्षं मंडळींनी रिकामी घालवली नाहीत. सिम्स न्यूयॉर्कला जाऊन हिशेबनीस झाला. यौ लॉस एंजेलिसमध्ये छायाचित्रांची डागडुजी करण्याच्या कामावर पोट भरू लागला. तो मांजरांची चित्रं काढायचा, सिनेमांतही दिसायचा. २०१७च्या सनडान्स महोत्सवात मुख्य पारितोषिक मिळवलेल्या 'आय डोन्ट फील अ‍ॅट होम इन धिस वर्ल्ड एनीमोअर'मधला खलनायक त्यानंच रंगवलाय. डेनिसन नॅशव्हिलला गेला. तिथे त्यानं हँक विल्यम्स तिसऱ्याच्या कंट्री बँडमध्येही वाजवलं, आणि गायक माईक पॅटनबरोबर 'टॉमाहॉक' हा बँड काढला.

जुनी गाणी पुरेशी असताना

२००९मध्ये मूळ चौकडी पुन्हा मंचावर आली. मे महिन्यात इंग्लंडमधल्या 'ऑल टुमॉरोज पार्टीज' महोत्सवात, जुलैमध्ये शिकागोच्या पिचफोर्क महोत्सवात. त्या काळात पुनर्मीलनाचा धंदा जोरात होता. याच इंग्लिश महोत्सवाच्या आयोजकांनी २००५पासून बँडला आपला एक गाजलेला जुना अल्बम सलग वाजवायला लावणारी मालिकाच चालवली होती. लोकांना जुनंच हवं असतं, पैसाही त्यातच असतो. नवा अल्बम हा अशा वेळी निव्वळ जोखमीचा सौदा. तो फसला तर जुन्या नावालाही बट्टा लागतो. जीझस लिझर्डनं तेव्हा घाई केली नाही. अधूनमधून कार्यक्रम केले, परत आपापल्या कामाला लागले. नवा अल्बम यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

'रॅक' निघाला पॅटनच्या 'इपेकॅक' या कंपनीकडून. निर्माता पॉल अ‍ॅलन, ध्वनिमुद्रण नॅशव्हिलचं. अकरा गाणी, तीही चाळीस मिनिटांच्या आत संपणारी. सुरुवातीचं 'हाइड अँड सीक' प्रस्तावना वगैरे न करता थेट भिडतं. 'आर्मिस्टिस डे' जड पावलांनी चालतं. 'व्हॉट इफ'मध्ये यौ जवळजवळ बोलतोच, आणि डेनिसनची गिटार त्या बोलण्याभोवती विरळ सूर सोडत राहते. 'मोटर'चा वेग पाहून साठीतले हात विसरायला होतं. अल्बिनीच्या काळापेक्षा यौचा आवाज इथे पुढे आहे, शब्द स्पष्ट कळतात. पण वाटणी तीच: बास ओळ धरतो, ड्रम खिळतो, गिटार चिरत जाते, गायक हवा तिथे भरकटतो.

स्टूजेसचं भांडवल होतं तरुण, कोवळ्या बेदरकारपणाचं. तो पन्नाशी-साठीत पुन्हा आणायला गेलं की नक्कल होते, मग ध्वनिमुद्रणाला कोणीही बसो. जीझस लिझर्डचा रागही तेवढाच खरा होता. पण त्यांच्या गोंगाटाचा कणा होता वाजवण्यातली शिस्त. अल्बिनीनं ती टेपवर जशीच्या तशी टिपली, हे त्याचं मोठेपण. पण ती त्यानं निर्माण केलेली नव्हती. म्हणून त्याच्याशिवायही ती उभी राहिली. शिवाय चौघांचं पोट बँडवर अवलंबून नसल्यामुळे, गाणी मनासारखी होईपर्यंत थांबणं त्यांना परवडलं. तिशीत दौऱ्यांनी दमलेल्या, कंपनीच्या अपेक्षांखाली वाकलेल्या बँडला ही चैन कधीच मिळाली नव्हती.

या संगीताशी ओळख नसलेल्यांनी सुरुवात 'गोट'पासून करावी, आवाज थोडा मोठा ठेवून. मग 'ब्लू' ऐकावा, म्हणजे मॅकनीली नसताना काय हरवलं ते कळेल. त्यानंतर 'रॅक'. तिन्हींत लक्ष यौवर नव्हे, सिम्सच्या बासवर ठेवावं. एकदा तो धागा हाती लागला, की इतका वेळ गोंगाट वाटणाऱ्या गाण्यांची बांधणी आपोआप दिसू लागते.