ट्रॅक्टर रुतल्यास डिफरन्शियल लॉक कसा वापरावा?

परतीच्या पावसानंतर रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई असते. भूम तालुक्यातील ईट परिसरात जेथे भारी काळी जमीन आहे, तेथे वाफसा येण्यापूर्वी घातलेला ट्रॅक्टर रुततो. मागचे एक चाक जागेवरच गरगरते, दुसरे हलतही नाही. असे का होते?

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. त्यासाठी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना म्हणजे डिफरन्शियल. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच अल्प जोर मिळतो.

लॉकचे पेडल दाबल्यास दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात व पकड असलेले चाक ट्रॅक्टर बाहेर काढते. चाक गरगरत असताना पेडल दाबू नये. आधी क्लच दाबून चाक थांबवावे. लॉक लागलेला असताना वळू नये.

फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. डांबरी रस्त्यावर मात्र तो बंद ठेवावा, अन्यथा टायर लवकर झिजतात.

एवढ्यानेही ट्रॅक्टर निघाला नाही तरी मागच्या चाकांना लाकूड कधीही बांधू नये. चाके अडकताच ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते, तो मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. अवजार सोडून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये सावकाश काढावा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा. पेरणी दोन दिवस उशिरा झाली तरी चालेल. जीव मोलाचा आहे.