जुन्या वेगवान मोटारीच्या स्प्रिंगा

मोटारगाडी पारखतांना मनुष्य प्रथम तिचा रंग पाहतो, मग इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि शेवटीं आंत बसून गादीवर हात फिरवितो. चारी चाकांजवळ पोलादी तारेचीं वेटोळीं निमूटपणें गाडीचा सारा भार वाहत असतात, त्यांची आठवण त्याला होत नाहीं. गाडी जुनी होऊन एका अंगास कलली, किंवा खड्ड्यांतून जातांना खालून धाडदिशी आवाज येऊं लागला, म्हणजे मात्र ही आठवण होते. आणि मग बहुधा पहिला विचार सुचतो तो नवीन, ताठ व आंखूड स्प्रिंगा बसविण्याचा. गाडी जमिनीलगत बसली कीं ती ऐटदार दिसते, हें खरें. परंतु स्प्रिंग हा कांहीं अलंकार नव्हे. तिची निवड चुकली तर भर वेगांत वळण घेतांना चाकाची रस्त्यावरील पकड सुटते, आणि त्या ऐटीची किंमत आंत बसलेल्या माणसांना मोजावी लागते.

उदाहरणादाखल मर्सिडीज-बेंझ कंपनीची '१९० ई २.३-१६' ही जर्मन सलून गाडी घ्यावी. सन १९८३ च्या सप्टेंबरांत फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. तिच्या इंजिनाचें सोळा झडपांचें डोकें इंग्लंडांतील कॉसवर्थ कंपनीच्या हातचें होतें, व त्याची शक्ति १८५ अश्वशक्ति होती. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें इटलींतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर या गाडीनें ५०,००० किलोमीटरचें अंतर ताशीं सरासरी २४७.९४ किलोमीटर वेगानें कापलें. पुढें १२ मे १९८४ रोजीं जर्मनींतील न्यूरबुर्गरिंगच्या नव्या मार्गाचें उद्घाटन झालें, तेव्हां सर्व स्पर्धकांना याच जातीच्या गाड्या देऊन शर्यत लावण्यांत आली, व तींत ब्राझीलचा तरुण आयर्तन सेना पहिला आला. कुटुंबाला घेऊन बाजारांत जाणारी आणि शर्यतींतही धावणारी अशी ही गाडी होय. त्या काळच्या या गाड्यांना आतां चाळीस वर्षे लोटलीं आहेत, आणि त्या नीट राखूं पाहणाऱ्या मालकांपुढें स्प्रिंगांचा प्रश्न हटकून उभा राहतो.

हा प्रश्न मुळापासून समजून घेतला पाहिजे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं एक नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगेवर जितका जोर द्यावा, तितक्याच प्रमाणांत ती ताणली किंवा दाबली जाते, असा तो नियम. स्प्रिंगेचा वजनकांटा यावरच चालतो. एका किलोला कांटा एक घर सरकला, तर दोन किलोंना दोन घरें सरकतो. एखादी स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबण्यास जितके किलो भार लागतो, तो तिचा ताठपणा. भार नसतांना तिची जी लांबी असते, ती अगदीं निराळी गोष्ट. ताठपणा व लांबी यांतील हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे या विषयांतील निम्मा घोटाळा नाहींसा होतो.

जुनी स्प्रिंग मऊ पडली असें कारागीर म्हणतात; पण बहुधा ती मऊ पडलेली नसते, आंखूड झालेली असते. वर्षानुवर्षे भार वाहून तिची लांबी घटते आणि गाडी खालीं बसते; पोलादाचा लवचिक गुण मात्र पूर्वीचाच राहतो. याला अपवाद गंजाचा. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळें तार गंजून शेंकडा ५ नें बारीक झाली, तर स्प्रिंगेचा ताठपणा शेंकडा १८ हून अधिक कमी होतो. आणि गंजाच्या खांचेपाशीं ती एखाद्या दिवशीं तुटतेही. अशी स्प्रिंग विनाविलंब बदलावी.

आतां किती ताठ स्प्रिंग हवी, हें कसें ठरवावें? गाडी उभी असतांना, तिच्या स्प्रिंगांवरील भारामुळें चाकाच्या जागीं मोजलेली दब २५ सेंटिमीटर असेल, तर ती गाडी मिनिटाला सुमारें ६० हेलकावे खाते. दब ११ सेंटिमीटर असेल तर ९०, आणि सव्वासहा असेल तर १२०. साठ ते नव्वद ही घरगुती गाडीची शांत चाल. नव्वदीच्या थोडें पुढें वेगवान सलूनची सावध चाल. एकशेंवीसच्या पलीकडे गुळगुळीत मार्गावरील शर्यतीचें क्षेत्र लागतें. ओबडधोबड रस्त्यावर फार ताठ स्प्रिंग घातली, तर चाक खांचखळग्यांबरोबर खालीवर न होतां उडूं लागतें. उडालेलें चाक ना ब्रेक लावूं शकतें, ना वळूं शकतें.

समजा, चाकाचें व त्याच्या अंगच्या भागांचें वजन वगळून पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे, आणि मिनिटाला ९० हेलकाव्यांची चाल हवी आहे. ३०० ला ११ नें भागतां चाकाच्या जागीं प्रत्येक सेंटिमीटरला सुमारें २७ किलो ताठपणा लागतो. परंतु या गाडींत पुढची स्प्रिंग चाकावर नसून खालच्या आडव्या दांड्यावर, आंतल्या बाजूस बसविलेली असते. ती दांड्याच्या बरोबर मध्यावर आहे असें धरलें, तर चाक दोन सेंटिमीटर वर जातां ती एकच सेंटिमीटर दबते, व तिच्यावर भार मात्र दुप्पट येतो. म्हणून तिचा ताठपणा चौपट, म्हणजे सुमारें १०९ किलो असावा लागतो. यावरून दोन निरनिराळ्या गाड्यांच्या स्प्रिंगांचे नुसते आंकडे शेजारीं ठेवून तुलना करणें किती व्यर्थ आहे, हें दिसून येईल.

कारखान्यानें ही निवड मोठ्या शिस्तीनें केली होती. गाडींत बसविलेल्या जादा सामानाला, उदाहरणार्थ हवा थंड करणाऱ्या यंत्राला किंवा सरकत्या छपराला, परीक्षेंतल्याप्रमाणें गुण दिलेले असत. त्या गुणांची बेरीज करून कोणत्या क्रमांकाची स्प्रिंग घालावयाची व तिच्यावर किती जाडीची रबरी बैठक ठेवावयाची, हें कोष्टकावरून ठरे. या बैठका ८, १३, १८ व २३ मिलिमीटर अशा चार जाडींच्या असून त्यांवरील एक ते चार उंचवटे मोजून त्या ओळखतां येतात. गाडीची उंची थोडी वरखालीं करावयाची असेल, तर पुष्कळदां बैठक बदलूनच काम भागतें. स्प्रिंग आंतल्या बाजूस असल्यानें बैठकींतील फरकापेक्षां चाकापाशीं पडणारा फरक मोठा असतो, एवढें मात्र विसरूं नये.

म्हणून नवीन स्प्रिंगा मागविण्यापूर्वीं रोगाचें निदान करावें. गाडी सपाट जागीं उभी करून चारी कोपऱ्यांची उंची मोजावी. रबरी बैठका, सांध्यांतील रबरें, टायर व शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासावेत. या गाडीच्या मागच्या बाजूस स्प्रिंगांच्या जोडीला तेल व वायु यांच्या दाबावर चालणारी, गाडी समपातळींत राखणारी योजना असते. तिच्यांतील वायूचे गोळे निकामी झाले म्हणजे मागची बाजू ताठ होऊन उड्या मारूं लागते. तेथें स्प्रिंगा बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार होय.

गाडी मुद्दाम खालीं बसविण्याचाही हिशेब पाहावा. चाक वर जाऊन रबरी ठोकळ्यावर आदळण्यापूर्वीं आठ सेंटिमीटर मोकळी जागा आहे असें समजावें. गाडी चार सेंटिमीटर उतरविली तर जागा निम्मी उरते. आणि तोच धक्का निम्म्या जागेंत झेलावयाचा तर ताठपणा चौपट हवा. चौपट ताठ स्प्रिंगेवर कोणी सुखानें बसूं शकणार नाहीं. उलट मूळचा ताठपणा कायम ठेवून केवळ लांबी घटविली, तर ऐन वळणांत ठोकळा आपटतो व गाडीचा तोल क्षणांत बदलतो. कांहीं लोक स्प्रिंगेचें एक वेटोळें करवतीनें कापून टाकतात. आठ कार्यक्षम वेटोळ्यांपैकीं एक कापलें तर ताठपणा शेंकडा १४ नें वाढतो, पण गाडी त्या मानानें फारच खालीं येते, आणि स्प्रिंगेचें टोंक आपल्या खांचेंत नीट बसत नाहीं. आंच देऊन स्प्रिंग बसविणें तर त्याहून वाईट. त्यानें पोलादाचें पाणीच उतरतें.

रस्त्यावरच्या वापरासाठीं कारखान्याच्याच मापाची नवी स्प्रिंग बहुधा उत्तम ठरते. अधिक चपळपणा हवाच असेल, तर ताठपणांत पांचव्या किंवा चौथ्या हिश्श्याची वाढ पुरेशी होते. मात्र त्याबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बरही जुळते असावेत, कारण हेलकावा शमविण्याचें काम त्यांचें आहे. केवळ पुढची बाजू ताठ केली तर वळणावर गाडीचें नाक बाहेर ओढलें जातें, व केवळ मागची केली तर शेंपूट घसरतें. अभियंता मॉरिस ऑली यानें १९३० च्या दशकांत अमेरिकेंत जनरल मोटर्समध्यें केलेल्या कामांतून दिसून आलें कीं, मागचे हेलकावे पुढच्यापेक्षां किंचित जलद असावेत. खड्डा पुढच्या चाकाला आधीं लागतो. मागची बाजू जलद असली म्हणजे ती पुढचीला गांठते, आणि गाडी घोड्यासारखी पुढेंमागें झुलत नाहीं.

स्प्रिंगा नेहमीं जोडीनें बदलाव्यात, आणि नंतर चाकांची सरळ रेषा तपासून घ्यावी. हें काम घरच्या अंगणांत करूं नये. वर सांगितलेली स्प्रिंग दहा सेंटिमीटर दाबली असतां तिच्यांत ५० किलोंहून अधिक वजन एक मीटर उंचीवरून पडावें इतका जोर सांठतो. त्यासाठीं खास दाबयंत्र व सराईत हात हवा. ती निसटली तर हातपायच काय, जीवही जाऊं शकतो.

तात्पर्य, आधीं मोजावें, मग कारण शोधावें, आणि शेवटीं खरेदी करावी. असें करणाऱ्या मालकाला पुष्कळदां असें आढळून येईल कीं, दहा रुपयांच्या ठिकाणीं शंभर खर्चण्याची गरजच नव्हती. आणि जेथें नवीन स्प्रिंग खरोखर हवी असेल, तेथें ती कोणत्या भारासाठीं व कोणत्या रस्त्यासाठीं, याचें उत्तर त्याच्यापाशीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वींच तयार असेल.