लोकताकची पाणपातळी

नकाशावर सरोवराचा काठ एका रेषेने दाखवतात. प्रत्यक्षात तो पावसाळ्यात बुडणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा पट्टा असतो. तेथे काय रुजेल व कोण वावरेल, हे पाण्याच्या चढउतारावर ठरते. मणिपूरमधील लोकताक सरोवरात हा संबंध फार ठळकपणे दिसतो.

या सरोवरावर 'फुमड्या' तरंगतात. जिवंत व कुजलेल्या वनस्पती, मुळे आणि माती यांचे ते जाड थर होत. त्यांचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्यावर, तर उरलेला पाण्याखाली असतो. सरोवराच्या आग्नेयेस अशाच थरांवर केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान वसले आहे. सांगाई हे हरीण नैसर्गिक अवस्थेत केवळ येथेच आढळते. १९७५ च्या गणनेत अवघी १४ सांगाई दिसली होती.

पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी ओसरले की फुमड्या तळाशी टेकत. मुळांना तळातील मातीतून पोषण मिळे, थर जाड होई आणि पावसाळ्यात तो पुन्हा वर उचलला जाई. वर्षातले काही महिने जमिनीवर टेकणे, एवढ्यावरच त्यांचे बळ अवलंबून होते!

१९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बंधारा कार्यान्वित झाला. वीजनिर्मितीसाठी पाणी वर्षभर उंच राखले जाऊ लागले. उद्यानातील फुमड्या अधांतरी राहून पातळ होत गेल्या. हरणाचा भार पेलण्याची त्यांची शक्ती घटली. गंमत अशी की, मुख्य सरोवरात मात्र त्या वाढल्या, कारण पावसाळ्यानंतर प्रवाहाबरोबर त्या वाहून जाण्याची वाट आता अडली होती. काठची कित्येक शेते व कुरणे कायमची बुडाली. म्यानमारमधील चिंदविन नदीच्या खोऱ्यातून मणिपूर नदीमार्गे वर येणाऱ्या पेंगबा माशाचीही वाट बंधाऱ्याने रोखली.

१९९० मध्ये लोकताकला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. १९९३ मध्ये त्याची नोंद स्थिती बिघडत चाललेल्या क्षेत्रांच्या यादीत झाली. संरक्षणामुळे सांगाईंची संख्या २०१६ च्या गणनेत २६० पर्यंत पोहोचली, हे खरे. परंतु त्यांच्या पायांखालचा थर जाड व्हायचा, तर हिवाळ्यात काही काळ पातळी खाली आणावी लागते. आणि १०५ मेगावॅटच्या वीजकेंद्राला पाण्याची गरज नेमकी त्याच कोरड्या ऋतूत असते.