नांव एक, नीळ दोन

कृष्णाकांठच्या वाईला व शेजारच्या मेणवलीला पेशवाईंतील वाडे अद्याप उभे आहेत. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यांतील भिंतीवरचीं चित्रें पाहावयास आजही लोक जातात. अशा गांवांत जुनें घर डागडुजीस काढलें, कीं चुन्याच्या भिंतीस निळी झांक द्यावी असें घरांतील मंडळींच्या मनांत येतें, आणि दुकानांत 'नीळ द्या' म्हटलें कीं काम झालें अशी समजूत असते. परंतु मराठींत या एकाच नांवाखालीं दोन अगदीं भिन्न पदार्थ नांदतात. भिंतीवर त्यांचे स्वभाव वेगळे पडतात, आणि चूक झाल्यास मजुरी व चुना दोन्ही वायां जातात.

पहिली नीळ वनस्पतीची. नीळीच्या झुडपाचा पाला पाण्यांत आंबवून, तें पाणी घुसळून, खालीं बसलेल्या गाळाच्या वड्या करीत. 'इंडिगो' या तिच्या नांवांतच हिंदुस्थान दडलेला आहे. १८९७ सालीं जर्मन कारखान्यांतील कृत्रिम नीळ बाजारांत आली व येथील नीळीची शेती ओसरली.

दुसरी खनिज जातीची. बदख्शानांतील लाजवर्द पाषाण कुटून ती काढीत, म्हणून ती फार महाग असे. स्वस्त कृत्रिम रंगासाठीं १८२४ सालीं फ्रान्समध्यें ६,००० फ्रँकांचें पारितोषिक लाविलें गेलें. तें १८२८ सालीं ग्विमे यांस मिळालें. चिनीमाती, सोडा, गंधक व कोळसा एकत्र भाजून ती बनते. हिचें नांव अल्ट्रामरीन. कपड्यांस देण्याची भुकटी नीळ बहुधा हीच.

आतां तुलना पाहूं. वनस्पतीची नीळ किंचित् काळसर, थोडी हिरवटाकडे झुकणारी; खनिज नीळ उजळ, जांभळटाकडे झुकणारी. अंधाऱ्या माजघरांत पहिलीनें भिंत उदास वाटते, दुसरीनें प्रसन्न. उन्हानें पहिली हळूहळू विटते. दुसरीस ऊन बाधत नाहीं. दुसरीचा वैरी एकच, तो म्हणजे अम्ल. अम्लाच्या स्पर्शानें ती रंग टाकते. पण चुना स्वतःच अम्लास मारणारा. त्यामुळें चुन्याच्या भिंतीवर तिला जणूं माहेरचेंच संरक्षण लाभतें. म्हणून सफेतींत खनिज नीळच घालणें शहाणपणाचें.

ओळखावयाची युक्ति सोपी आहे. चिमूटभर भुकटी लोखंडी पळींत घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवावर धरावी. जांभळी वाफ निघाली तर ती वनस्पतीच्या जातीची. रंग तसाच राहिला तर खनिज.

प्रमाणाचेंही भान हवें. नुसती सफेती शुभ्र दिसावी एवढाच हेतु असेल, तर अत्यल्प नीळ पुरे; ती चुन्यांतील पिवळट छटा झांकते. निळी भिंत हवी असेल, तरी भुकटी फार झाल्यास ती चुन्यास धरून राहत नाहीं व अंगरख्यास लागते. भुकटी आधीं थोड्या पाण्यांत कालवून, फडक्यांतून गाळून मगच चुन्यांत मिसळावी, नाहींतर भिंतीवर निळे ओघळ उमटतात. ओला हात गडद दिसतो व वाळल्यावर बराच फिका होतो. यास्तव कोपऱ्यांत हातभर जागा रंगवून, ती पूर्ण वाळल्यावर, दिवसां आणि दिव्याच्या उजेडांत अशी दोनदां पाहावी. मगच सबंध भिंतीस हात घालावा.