मुक्या सोबत्याच्या मनाचा ठाव

घरातील आजोबा चार दिवस रुग्णालयात राहिले की त्यांचा कुत्रा उंबऱ्याशी बसून राहतो, पोळीला तोंडही लावत नाही. ‘मुक्या जनावराला काय कळते, विसरेल दोन दिवसांत,’ असे आपण म्हणतो. कधी त्याला दुसरीकडे पाठविण्याचा निर्णयही घाईघाईने घेतला जातो. त्यापूर्वी त्याच्या मेंदूविषयी शास्त्रज्ञांना काय आढळले, ते आपण अवश्य जाणून घ्यावे.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता, न बांधता एमआरआय यंत्रात स्तब्ध पडून राहण्यास शिकविले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १२ कुत्र्यांना ओळखीची व अनोळखी माणसे आणि कुत्री यांचे वास देण्यात आले. सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूतील ‘कॉडेट’ हा भाग सर्वाधिक उत्तेजित झाला, तो ओळखीच्या माणसाच्या वासाने. ते माणूस समोर नसतानाही!

त्याच वर्षी जपानमधील मिहो नागासावा व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की कुत्रा आणि त्याचा मालक बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्हे बाळ यांचे नाते दृढ करणारे संप्रेरक ते हेच. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांत मात्र असे घडले नाही. पुढे २०१६ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी दाखविले, की कौतुकाचे शब्द आणि कौतुकाचा स्वर हे दोन्ही जुळले, तरच कुत्र्याच्या मेंदूतील आनंदाचे केंद्र उजळते.

म्हणून आजोबा घरी नसतील, तेव्हा त्यांचा वापरलेला, न धुतलेला सदरा त्याच्या अंथरुणावर ठेवून पाहावा. आजोबांच्या नेहमीच्या शब्दांत, त्यांच्याच मायेने त्याच्याशी बोलावे. जेवण-फिरण्याच्या वेळा पाळाव्यात. दिवसभर त्याने अन्न घेतले नाही, तर पशुवैद्यांना दाखवावे. आजोबा परतल्यावर त्यांना आधी खुर्चीवर बसवावे आणि मगच भेट घडवावी. आनंदाच्या उडीने तोल जाण्याचा धोका टळतो.

त्यानंतर मात्र दोघांना थोडा वेळ एकमेकांकडे पाहत बसू द्यावे. ती शांत घटका दोघांनाही हवी असते.