मुक्त अध्यापन व विद्यार्थिनिर्मित साधने

मुक्त अध्यापन व विद्यार्थिनिर्मित साधने : विद्यार्थ्याने अध्ययन करीत असतानाच इतरांच्या उपयोगी पडेल अशी ज्ञानसामग्री स्वतः तयार करावी आणि ती पुढील अध्येत्यांना वापरण्यास, सुधारण्यास व वाढविण्यास खुली ठेवावी, ह्या तत्त्वावर आधारलेली अध्यापनपद्धती. येथील ‘मुक्त’ ह्या शब्दाचा मुक्त विद्यापीठाशी संबंध नाही. तेथे प्रवेशाच्या अटी शिथिल असतात. येथे शिथिल होते ती लेखक आणि वाचक ह्यांच्यातील सीमारेषा. महाविद्यालयात दरवर्षी लिहिल्या जाणाऱ्या हजारो स्वाध्यायवह्या व प्रकल्प-अहवाल परीक्षकाने गुण दिल्यावर रद्दीत जातात. एवढ्या श्रमांतून कोणाच्याही उपयोगी पडेल असे काही उरू नये, हा अपव्यय आहे, असे ह्या पद्धतीचे पुरस्कर्ते मानतात.

कल्पना अगदी नवी नाही. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने ह्या ग्रामीण शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात छापयंत्र आणून मुलांनी लिहिलेले मजकूर मुलांकडूनच छापून घेतले व ते इतर शाळांशी देवाणघेवाणीसाठी वापरले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७० नंतरच्या दशकात क्लोद पाकेत ह्यांनी ‘मुक्त अध्यापन’ हीच संज्ञा वापरली. २००२ मध्ये यूनेस्कोच्या एका सभेत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा रूढ झाली आणि २०१९ मध्ये त्या संघटनेने ह्याविषयी सदस्य राष्ट्रांना शिफारस केली. अमेरिकेतील डेव्हिड वायली ह्यांनी २०१३ मध्ये ‘टाकाऊ स्वाध्याय’ अशी संज्ञा वापरून वर सांगितलेल्या रद्दीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. विदर्भापुरते पाहता, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेली नई तालीम ही ह्या विचाराची जवळची पूर्वज ठरते. विद्यार्थ्याच्या हातून समाजोपयोगी वस्तू निर्माण झाली पाहिजे, हा तिचा आग्रह होता. मात्र तेथे ती वस्तू बहुधा सूत किंवा धान्य होती. येथे ती लिखित ज्ञान असते आणि त्यामुळे मालकीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

महाराष्ट्रात ह्या पद्धतीचे सर्वांत जवळचे उदाहरण शिक्षणशास्त्राच्या नव्हे, तर परिस्थितिविज्ञानाच्या क्षेत्रात सापडते. माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना मांडली. गावाच्या परिसरातील वनस्पती, प्राणी, पाणवठे, त्यांचे उपयोग, त्यांत झालेले बदल आणि लोकांच्या अपेक्षा ह्यांची नोंद लोकांच्या सहभागाने करावयाची, असे तिचे स्वरूप होते. हे काम प्रयोगशाळेतील संशोधकांवर न सोपविता महाविद्यालयीन अध्यापक व विद्यार्थी ह्यांना त्यात गोवण्याचा प्रयत्न आरंभापासून झाला. पुढे २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आणि २००४ च्या नियमांनी नोंदवही तयार करणे हे त्या समित्यांचे मुख्य कार्य ठरविले.

जवळपास त्याच वेळी महाविद्यालयांचे दारही उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांना अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण-अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. त्यातील १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखलेले होते. नदी, वन, गवताळ प्रदेश वा डोंगर ह्यांपैकी एखाद्या स्थानिक स्थळाची नोंद करणे, प्रदूषित स्थळाला भेट देणे, परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी ह्यांचा अभ्यास करणे असे त्याचे विषय होते. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी हे क्षेत्रकार्य एकाच नमुन्यावरून उतरवून काढलेल्या वह्यांपुरते उरले. ज्या जिल्ह्यांत नोंदण्यासारखे सर्वाधिक आहे तेथे ही उणीव अधिक जाणवते.

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे असे जिल्हे होत. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा सु. ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. चंद्रपुरात एकीकडे ताडोबाचे अरण्य, तर दुसरीकडे कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्र आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. येथील महाविद्यालये २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ह्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी मराठीबरोबर गोंडी, माडिया किंवा झाडीबोली बोलली जाते. पाठ्यपुस्तकात ‘टेंभुर्णी’ म्हणून भेटणारे झाड त्यांना तेंदू म्हणून ठाऊक असते. चारोळी हे बीज असून ते ज्याला लागते त्या झाडाला ‘चार’ म्हणतात, हेही त्यांना सांगावे लागत नाही. शहरी लेखकाने लिहिलेल्या पुस्तकापुढे हे विद्यार्थी अल्पज्ञ ठरतात, पण जंगलाच्या वाटेवर त्यांच्या अध्यापकाला बहुधा त्यांच्या मागून चालावे लागते. मुक्त अध्यापनाला येथे खरा अर्थ येतो तो ह्या उलटापालटीमुळे.

विषय वनस्पतींपुरते मर्यादित नाहीत. गोंड राजवटीच्या काळापासून बांधले गेलेले व आज माजी मालगुजारी तलाव, अर्थात ‘मामा तलाव’, म्हणून ओळखले जाणारे जलाशय, त्यांखालची धानशेती, शेतातील बोड्या, गाळ काढण्याच्या व पाणीवाटपाच्या रीती ह्यांविषयी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र ह्यांच्या विद्यार्थ्यांना मौलिक साधने जमविता येतात. एका तलावाचा नकाशा, त्याच्या पाळीची व तुडुंबाची स्थिती, मासेमारीचा हक्क कोणाकडे होता व आहे ह्याची वृद्धांकडून घेतलेली माहिती, एवढे जरी एका तुकडीने नीट लिहिले, तरी पुढच्या तुकडीला कोऱ्या पानापासून आरंभ करावा लागत नाही. पहिल्या तुकडीची चूक दुसरीने दाखवून देणे हा ह्या पद्धतीतील सर्वांत फलदायी भाग होय. त्यासाठी प्रत्येक नोंदीवर दिनांक, स्थळ, नोंद करणाऱ्याचे नाव आणि माहिती ऐकीव की प्रत्यक्ष पाहिलेली, हे लिहिणे आवश्यक असते. दोन माहितगारांत मतभेद असल्यास दोन्ही मते नोंदवावी लागतात. वनस्पतीचे नाव निश्चित करण्यापूर्वी शुष्क नमुना जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. चुकीची ओळख छापली गेली आणि ती औषधी वनस्पतीविषयी असली, तर परिणाम प्राणघातक होऊ शकतो.

नोंदीमागची चर्चा वगळून केवळ नोंदवही हाती घेतल्यास काय होते, ते अलीकडे दिसून आले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सर्व स्थानिक संस्थांच्या नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली व त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरपाई भरावी लागेल, असे बजावले. देशातील नोंदवह्यांची संख्या त्यानंतर अल्पावधीत काही हजारांवरून दोन लाखांच्या पुढे गेली. एवढ्या घाईत लोकांशी बोलणे होऊ शकत नाही. याद्या मात्र उतरविता येतात. आदेशाचा हेतू चांगला होता, परंतु ह्या कल्पनेचा प्राण असलेला लोकसहभाग त्यात गुदमरला, असेच म्हणावे लागते.

ह्याच्या उलट उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाचे आहे. २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेच्या सहवासात तेथे अभ्यासगटाची प्रथा रुजली. अभ्यासगटात गावकरी व बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखाद्या प्रश्नाचा शोध घेतात. निर्णय मात्र अभ्यासगट करीत नाही, तो ग्रामसभा सर्वसहमतीने करते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव येथेही सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर ग्रामसभेने विचारांती तेंदूपाने तोडणे थांबविले. त्या पानांचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय कोणत्याही अहवालापेक्षा अधिक बोलका आहे. महाविद्यालयांनी ह्या गावांपासून घ्यावयाचा धडा म्हणजे शोध आणि निर्णय ह्यांतील हा भेद.

कारण ‘खुले’ काय ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार नेहमीच विद्यार्थ्याचा किंवा अध्यापकाचा नसतो. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या निबंधाचा प्रथम स्वामी, १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार, सामान्यतः तो स्वतःच असतो. ते लेखन प्रसिद्ध करावयाचे तर त्याची मोकळी संमती घेतली पाहिजे, आणि गुण देणाऱ्यापुढे ‘नाही’ म्हणणे कठीण असते हे अध्यापकाने विसरता कामा नये. विद्यार्थ्यांच्या नोंदी अध्यापकाच्या नावाने छापल्या जाणे ही तर उघड लबाडी होय. परंतु वैदूने सांगितलेले औषध विद्यार्थ्याचेही नसते. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केला आहे. असे ज्ञान एकदा महाजालावर गेले की ते परत घेता येत नाही, आणि त्यापासून लाभ उठविणारा ते सांगणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणून नोंदवहीचे दोन भाग करणे इष्ट असते : ग्रामसभेच्या संमतीने सर्वांसाठी खुला असलेला एक, आणि केवळ गावाच्या ताब्यात राहणारा दुसरा. गिधाडांची घरटी, दुर्मिळ वनस्पतींची ठिकाणे ह्यांसारखी माहितीही दुसऱ्या भागात ठेवणे सुरक्षित ठरते. खुल्या भागाची छापील किंवा हस्तलिखित प्रत गावात ठेवलीच पाहिजे. भामरागड किंवा एटापल्लीकडील दुर्गम पाड्याला केवळ संगणकावर खुले असलेले पुस्तक बंदच असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग प्रकल्प ह्यांना श्रेयांक मिळाल्याने अशा कामाला आता वेळापत्रकात जागा झाली आहे. अडचण वेळापत्रकाचीच आहे. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचली जातात, तेंदूपानांचा हंगाम त्यामागून येतो, आणि हेच दिवस परीक्षांचे असतात. जंगल ज्या काळात सर्वाधिक वापरात असते त्याच काळात त्याची नोंद करणारा विद्यार्थी परीक्षागृहात असतो, किंवा कुटुंबाबरोबर मोह वेचावयास गेल्यामुळे वर्गात अनुपस्थित ठरतो. प्रकल्पाचा कालावधी एका सत्राऐवजी संपूर्ण वर्षाचा धरला आणि मोह वेचण्याच्या दिवसांतील नोंदी हजेरीच्या हिशेबात घेतल्या, तर ही अनुपस्थितीच क्षेत्रकार्य म्हणून लिहिता येईल.