उशिरा आलेली साक्ष

गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या यंत्रांना विश्वात काही विलक्षण घडले हे कळते खरे, परंतु ते नेमके कोठे घडले हे सांगण्याची वेळ आली की त्यांची मोठी पंचाईत होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने पहिली लहर टिपली, तेव्हा तिच्या उगमाची जी हद्द आखता आली ती सुमारे ६०० चौरस अंशांची, म्हणजे जवळजवळ तीन हजार पूर्ण चंद्रबिंबे सामावून घेईल एवढी होती. आणि तपासासाठी सरसावलेल्या ‘स्विफ्ट’ उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीत तर एका वेळी एक चंद्रबिंबही पुरते मावत नाही. क्ष-किरण वातावरण भेदून खाली येत नाहीत, त्यामुळे भूतलावरील दुर्बिणींनी या कामी हात देण्याचाही प्रश्न नव्हता.

एवढ्या विस्तीर्ण मुलखात शोध घेऊ लागले की खोटे साक्षीदारही पुष्कळ भेटतात. ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर आली, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हद्दीत झपाट्याने मावळणारा एक प्रकाशबिंदू आढळल्याने तोच तिचा सोबती असावा, असा तर्क सुरू झाला. भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील एका उपकरणाची भिंत उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांना अडवत नाही, म्हणून त्याला चोहीकडचे स्फोट जाणवतात. त्या उपकरणाचे दप्तर खगोलशास्त्रज्ञ वरुण भालेराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा गॅमा किरणांचा एक स्फोट लहरीनंतर तब्बल २१ तासांनी झाल्याचे निष्पन्न झाले, आणि तो प्रकाशबिंदू या स्फोटाचा अवशेष ठरून लहरीच्या प्रकरणातून निर्दोष सुटला. अशा नकारात्मक निकालांची वाहवा होत नाही. माझ्या मते मात्र या शास्त्राची अब्रू त्यांनीच राखली आहे.

खरा साक्षीदार भेटला तो १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, लहरीपाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा अल्पसा झोत आला, आणि चिलीतील एका दुर्बिणीने अकरा तासांच्या आत सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाश हुडकून काढला. स्थान हाती आले, पण क्ष-किरण मात्र आले नाहीत. ‘स्विफ्ट’ला अतिनील प्रकाश दिसला, क्ष-किरण नाहीत, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचे नाव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ वेधशाळेने दोन दिवसांनी पाहिले, तिलाही काही आढळले नाही. नवव्या दिवशी तिने पुन्हा त्याच जागी नजर लावली, तेव्हा एक क्षीण बिंदू उमटला.

या विलंबातच घटनेची खरी कैफियत दडलेली होती. अशा टकरीतून द्रव्याचा एक चिंचोळा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतो, सभोवतालच्या विरळ वायूवर आदळतो, आणि त्या धक्क्यात चुंबकीय क्षेत्राभोवती गरगरणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण सोडू लागतात. परंतु वेग प्रचंड असेपर्यंत हा प्रकाश झोताच्या रोखानेच एकवटलेला राहतो. झोत आपल्याकडे रोखलेला असता, तर क्ष-किरण पहिल्या दिवशीच दिसले असते. तो कडेला वळलेला होता, म्हणून त्याचा वेग मंदावून प्रकाशाचा पसारा आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाट पाहावी लागली. त्यातच सूर्य आड आल्यामुळे ‘चंद्रा’चे निरीक्षण काही महिने तहकूब झाले. डिसेंबरात पुन्हा पाहिले तर बिंदू अधिकच तेजस्वी झाला होता, आणि सुमारे पाच महिन्यांनी कळस गाठून तो उतरणीला लागला; या चढउताराने व रेडिओ वेधांनी मिळून तिरकस झोताची कल्पना अखेर पक्की केली.

त्या टकरीच्या क्षणी आपला ‘ॲस्ट्रोसॅट’ पृथ्वीच्या आड होता, त्यामुळे त्याला काहीच दिसले नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया वेधशाळा लहरीच्या उगमाची हद्द पुष्कळ संकोचून देईल; आणि आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने प्रस्तावित झालेल्या ‘दक्ष’ योजनेत एकाऐवजी दोन उपग्रह पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंना ठेवण्याचा बेत आहे, तो नेमका पृथ्वी आड येण्याची ही अडचण दूर करण्यासाठी.